कुलूप लावलं होतं का?

घरातून निघून दहा मिनिटं झालेली असतात आणि मध्येच पाय थबकतात. कुलूप लावलं का? परत जाऊन बघावं, तर कुलूप जागच्या जागी. आपणच लावलेलं. मग आपण कपाळावर हात मारतो: हल्ली फार विसरायला होतं!

माझ्या मते इथे स्मरणशक्तीवर उगाच खापर फुटतं. विसरायचं तर आधी काहीतरी आठवणीत जायला हवं. सवयीचं काम हात उरकून टाकतात आणि मन भलतीकडेच असतं, त्यामुळे त्या क्षणाची धड नोंदच होत नाही. झालीच, तर काल-परवाच्या तशाच नोंदींमध्ये मिसळून जाते. बोधनिक मानसशास्त्रात, म्हणजे मन माहिती कशी घेतं आणि वापरतं याच्या अभ्यासात, लक्षाला ‘अवधान’ म्हणतात आणि डोळ्या-कानांनी आणलेल्या माहितीचा अर्थ लावण्याला ‘संवेदन’. शब्द जड आहेत, प्रकार रोजचाच.

या विषयातला मला सगळ्यात देखणा वाटणारा प्रयोग जॉर्ज स्पर्लिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा, १९६० सालचा. समोर सेकंदाच्या विसाव्या भागापुरती बारा अक्षरं झळकायची, तीन ओळींत चार-चार. काय दिसलं असं विचारलं की लोक जेमतेम चार-पाच अक्षरं सांगायचे. वर म्हणायचे, दिसली होती जास्त, पण सांगेपर्यंत उडून गेली. स्पर्लिंगने ही सबब म्हणून झटकली नाही. अक्षरं नाहीशी झाल्याबरोबर तो एक सूर वाजवू लागला. उंच सूर आला तर वरची ओळ सांगायची, मधला आला तर मधली, खालचा आला तर खालची. कोणती ओळ विचारली जाणार हे आधी ठाऊक नसतानाही लोक त्या ओळीतली चारांपैकी तीन-एक अक्षरं बरोबर सांगत. म्हणजे बारापैकी नवाच्या आसपास अक्षरं क्षणभर हाताशी होती! सूर सेकंदभर उशिरा वाजवला, की हा फायदा जवळपास संपायचा.

थोडक्यात, आत बरंच काही येतं, पण लक्षाने वेळेत उचललं तेवढंच हाती लागतं. उचललेलं ठेवायला जागाही बेताचीच. एका वेळी मनात किती गोष्टी मावतात, याचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये ‘सात, दोन इकडे-तिकडे’ असा सांगितला. नेल्सन कोवनने २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. गठ्ठे बांधले तर मात्र बरंच मावतं. १९१४१९३९१९६९ हे बारा आकडे पाठ करणं कठीण, पण दोन महायुद्धं आणि चांद्रविजय दिसले की काम तीन गठ्ठ्यांत भागतं.

समोरचा माणूसच बदलला तर? डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनी १९९८ मध्ये हेच करून पाहिलं. एक अनोळखी माणूस वाटसरूला रस्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोघेजण एक दार घेऊन मधून जातात आणि त्या आडोशाने विचारणारा बदलतो. पंधरापैकी आठ जणांना त्याचा पत्ताच लागला नाही. नव्या माणसाला ते खुशाल रस्ता समजावत राहिले.

एवढ्या फटी असून जग सलग कसं दिसतं? आरशात आधी स्वतःचा डावा डोळा बघा, मग उजवा. बुबुळं हलताना दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र ती स्पष्ट दिसतील. नजर उडी मारते तेवढ्या वेळात मेंदू दृश्य दाबून टाकतो आणि ती फट आपल्याला जाणवूही देत नाही.

जपानमध्ये रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात. हात, डोळे आणि तोंड एकाच गोष्टीवर आलं की लक्षालाही तिथे यावं लागतं. मीही कुलूप ओढून बघताना ‘लावलं’ असं म्हणू लागलो. आठवडाभर छान चाललं. मग तोंडालाही सवय झाली. आता ‘लावलं’ म्हटलं होतं का, हे आठवत जिन्यात उभा असतो.