जर्मनटाउन (फिलाडेल्फिया)

अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यात फिलाडेल्फिया शहराचा वायव्येकडचा भाग, शहराच्या मध्यापासून साधारण १० किमीवर. आधी वेगळं गाव होतं, मग उपनगर झालं आणि १८५४ साली शहरातच गेलं.

वसाहत १६८३ ची. ऱ्हाईन नदीजवळच्या, आजच्या जर्मनीतल्या क्रेफेल्डहून १३ कुटुंबं ‘काँकर्ड’ जहाजाने आली आणि ६ ऑक्टोबरला उतरली. ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची, आजच्या हिशोबाने १६ ऑक्टोबर धरायला हवी, पण अमेरिकेत जर्मन-अमेरिकन दिवस ६ लाच पाळतात म्हणून तीच रूढ झालीये. फ्रान्सिस डॅनिएल पास्टोरियस हा वकील फ्रँकफर्टच्या कंपनीचा एजंट म्हणून ऑगस्टमध्येच पोचला होता (कंपनीवाल्यांनी जमीन घेतली, स्वतः मात्र कुणी आलं नाही). डेलावेअर नदीकाठी जमिनीत खोदलेल्या त्याच्या गुहेवजा घरात चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले गेले.

आता खरा वाद, हे लोक जर्मन होते की डच? गावाचं नाव बघून जर्मन म्हणणं सोपं आहे. पण क्रेफेल्ड तेव्हा डच ऑरेंज घराण्याकडे होतं, प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं ते १७०२ मध्ये, आणि ही मंडळी बहुतेक मूळची मेनोनाइट, नंतर क्वेकर झालेली (दोन्ही ख्रिस्ती पंथ), घरात डचला जवळची बोली बोलणारी. ऑप देन ग्राफ, कुंडर्स ही आडनावंही डचच वाटतात. उलट बाजूचे अभ्यासक म्हणतात की ऱ्हाईनकाठी त्या काळात अशी सरहद्द ओढताच येत नाही. पहिल्या १३ कुटुंबांपुरतं डच मत जास्त पटतं, गाव खऱ्या अर्थाने जर्मन झालं ते मागून आलेल्यांमुळे.

धंदा मुख्यतः विणकामाचा, अळशीच्या धाग्याचं कापड (लिनन). गावाच्या शिक्क्यावर द्राक्षवेल, अळशीचं फूल आणि सुताची रीळ. १६९० च्या सुमारास रिटनहाउसने जवळच कागदाची गिरणी काढली, ब्रिटिश अमेरिकेतली पहिली. १७४३ मध्ये सावरच्या छापखान्यातून जर्मन बायबल निघालं.

१६८८ मध्ये पास्टोरियस धरून चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं. त्यातला मुद्दा साधा होता, आपल्याला कुणी असं धरून विकलं तर चालेल का? क्वेकरांच्या सभांनी ते एकीकडून दुसरीकडे ढकललं, वार्षिक सभेनेही निर्णय दिलाच नाही, मग कागद विस्मरणात गेला तो १८४४ मध्ये सापडला. निवेदनाच्या तारखेत ‘दुसरा महिना’ आहे, तो फेब्रुवारी नाही, एप्रिल, कारण जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं.

४ ऑक्टोबर १७७७ ला दाट धुक्यात इथे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली लढाई झाली, अमेरिकन सेनापती वॉशिंग्टन ब्रिटिशांकडून हरला. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत मात्र राष्ट्राध्यक्ष म्हणून तो इथेच राहायला आला. १८३२ मध्ये रेल्वे आली आणि गावाचं उपनगर व्हायला लागलं. आज वस्ती मुख्यतः आफ्रिकन-अमेरिकन आहे, मूळ हमरस्ता जर्मनटाउन ॲव्हेन्यू या नावाने अजून तसाच वापरात आहे.