ओकच्या पालवीवरची पंगत

ऑक्सफर्ड शहराच्या वायव्येला, साधारण पाच किलोमीटरवर वायटम वुड्स आहे. जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ताडोबा नाहीतर कोयनेचं खोरं येतं, तसं इथं काही नाही, हजारेक एकरांचं टेकडीवरचं रान, ओक, अॅश, बीच, सिकॅमोर आणि खाली हेझलची झुडपं, मधून मातीच्या वाटा आणि टेकडीला वळसा घालून जाणारी थेम्स नदी. कुत्रा न्यायचा नाही, सायकल न्यायची नाही, आधी युनिव्हर्सिटीकडून परमिट काढायचं (फुकट असतं), त्यामुळे गर्दी अशी नसतेच आणि एप्रिलच्या शेवटी सकाळी गेलात तर तासभर माणूस दिसत नाही. पण वाटेच्या कडेला नीट बघत चाललं की पक्ष्यांनी घरटं करावं म्हणून झाडांवर लटकवलेल्या, नंबर घातलेल्या पेट्या दिसायला लागतात, एक दिसली की थोड्या अंतरावर दुसरी. सगळ्या मिळून हजाराच्या वर आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कर्नल फेनेल यांनी आपल्या मुलीच्या आठवणीसाठी हे रान ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीला दिलं. 1947 मध्ये डेव्हिड लॅक यांनी, म्हणजे गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांचा अभ्यास करणारे तेच, इथल्या एका भागात पेट्या लावल्या आणि त्यात कोण राहायला येतं, कधी अंडी घालतं, किती पिल्लं उडतात हे लिहून ठेवायला सुरुवात केली. ते काम आजही चालू आहे. लॅक गेले, त्यांचे विद्यार्थी रिटायर झाले, वही जाऊन कॉम्प्युटर आला, पण दर वसंतात कुणीतरी प्रत्येक पेटी उघडून बघतंच. मला सगळ्यात जास्त भारावून टाकणारी गोष्ट हीच आहे, कारण पुढे जे काही सांगणार आहे ते एका माणसाच्या आयुष्यात कळण्यासारखं नव्हतंच.

पेट्यांमध्ये मुख्यतः राहतो ग्रेट टिट नावाचा छोटा पक्षी, आपल्याकडच्या राखी वल्गुलीचा अगदी जवळचा नातेवाईक, इतका जवळचा की पूर्वी दोघांना एकाच जातीत धरायचे. काळं डोकं, पांढरे गाल, पिवळं पोट आणि त्यावर मधोमध काळी पट्टी, वजन जेमतेम 18-20 ग्रॅम. मादी साधारण आठ-नऊ अंडी घालते, रोज एक, मग तेरा-चौदा दिवस ती उबवते. पिल्लं दहा दिवसांची झाली की त्यांची भूक अशी काही खवळते की आईबाप दिवसभर अळ्या आणून आणून थकतात. आता हिशोब करा, पहिलं अंडं घातल्यापासून ही भूक शिगेला पोहोचेपर्यंत साधारण महिना जातो, म्हणजे मादीने अंडी घालायची वेळ ठरवायची ती महिन्याभरानंतर झाडावर अळ्या किती असतील या भरवशावर, आणि ती ठरवते तेव्हा ओकची झाडं बहुतेक नागडीच असतात.

अळ्यांची पंगत पण फार दिवस चालत नाही. इथली महत्त्वाची अळी म्हणजे विंटर मॉथची, हिरवी, पाठ कमानीसारखी उचलत चालणारी, शेतकरी जिला उंटअळी म्हणतात त्या चालीची. या पतंगाच्या मादीला उडण्याजोगे पंखच नसतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत, बाकीचे कीटक गप्प झालेले असताना, ती मातीतून वर येते, रात्री खोडावरून चालत वर चढते आणि वर सालीच्या भेगांमध्ये अंडी घालून मरते. ती अंडी हिवाळाभर तशीच राहतात आणि एप्रिलमध्ये ओकच्या कळ्या उमलायच्या सुमारास फुटतात. कळी उमलायच्या आधी अळी बाहेर आली तर तिला खायला काही नाही, उपाशी मरते. उशिरा आली तर पान आहे पण ते पान बदललेलं असतं.

हे पान बदलणं कसं ते इथेच शोधलं गेलं. पॉल फीनी नावाच्या संशोधकाने वायटमच्या ओकची पानं वसंतापासून पुढे सतत तपासली आणि 1970 मध्ये छापलं की कोवळ्या पानात प्रोटीन भरपूर आणि टॅनिन कमी असतं, आणि जसजसे आठवडे जातात तसतसं टॅनिन वाढत जातं, पान चिवट होतं. टॅनिन म्हणजे हिरड्यात किंवा कडक चहात जे तुरट लागतं ते, ते प्रोटीनला धरून ठेवतं, मग अळीला ते नीट मिळत नाही. झाडाची आपली संरक्षणाची सोय आहे ती. म्हणून अळीला सगळं खाणं सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांत उरकावं लागतं, मग मेअखेर-जूनच्या सुरुवातीला ती रेशमी धाग्यावरून खाली उतरते आणि मातीत कोश करून थेट हिवाळ्यापर्यंत पडून राहते. अळ्यांचं वर्ष जोरात असेल तर मेच्या मध्यावर ओकखाली नुसतं उभं राहून बघा, वारा नसताना पानांवर बारीक टपटप ऐकू येते, ती वरून पडणारी अळ्यांची लेंडी असते, आणि वर पाहिलं तर उन्हासमोर धरलेल्या पानांत भोकंच भोकं दिसतात.

म्हणजे झाडाची पालवी, त्यावर अळी, अळीवर पक्षी, अशी एकामागे एक तारीख बांधलेली. आणि या तारखा हलल्यात. वसंत लवकर गरम व्हायला लागला तशी पालवी लवकर, अळ्या लवकर, मग प्रश्न हा की पक्षी काय करतात. 2008 मध्ये वायटमच्या 47 वर्षांच्या नोंदींवरून दाखवलं गेलं की ग्रेट टिट अंडी घालायला जवळपास दोन आठवडे आधी सुरुवात करतायत, आणि बहुतेक बदल हा पिढ्यांमधून निवड होऊन आलेला नाही तर तीच मादी एका वर्षी लवकर गरम झालं तर लवकर घालते, दुसऱ्या वर्षी थंडी लांबली तर थांबते. म्हणजे ही लवचिकता प्रत्येक पक्ष्यातच आहे. हे सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही, नेदरलँड्समधल्या होखे व्हेलुवे भागात याच जातीच्या पक्ष्यांच्या तारखा अळ्यांच्या मागे पडल्यात. एकाच जातीचे पक्षी, समुद्र ओलांडला की गोष्ट वेगळी, त्यामुळे एका ठिकाणचा निष्कर्ष उचलून दुसरीकडे चिकटवायची घाई करू नये असं मला मनापासून वाटतं.

तारखा फक्त वरच चालतात असं नाही, खाली जमिनीवरही तेच. एप्रिलअखेर इथं ब्लूबेल फुलतात, झाडांखाली लांबपर्यंत निळंच निळं. पूर्ण पालवी आली की जमिनीवर पोहोचणारा उजेड इतका कमी होतो की बहुतेक छोट्या झाडांना तो पुरतच नाही, म्हणून ब्लूबेलची पानं हिवाळा संपता संपता वर येतात आणि वरचं छप्पर बंद व्हायच्या आत उजेडावर तयार केलेलं अन्न खाली कंदात भरून ठेवतात. गुडघ्यावर बसून एक दांडा जवळून बघा: वरचा शेंडा एका बाजूला झुकलेला, घंटेसारखी फुलं सगळी त्याच बाजूला लोंबलेली, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली आणि आत परागकण सायीच्या रंगाचे. बागांमधून पसरलेला स्पॅनिश ब्लूबेल असतो त्याचा दांडा ताठ, फुलं चहूबाजूंनी आणि परागकण निळसर, त्यावरून दोघं ओळखता येतात. ब्लूबेलच्या कंदाला आकसणारी मुळं असतात, ती कंदाला हळूहळू मातीत खोल ओढून नेतात. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला पाच-सात वर्षं सहज लागतात आणि बी पडतं ते झाडाच्या आसपासच, म्हणून ब्लूबेल पसरतात फार सावकाश. इंग्लंडमध्ये निदान 1600 सालापासून सतत जंगल राहिलेल्या जागेला प्राचीन वनाचा दर्जा देतात, आणि अशी जागा ओळखायला जी झाडं-फुलं बघतात त्यात ब्लूबेल आणि वुड अॅनिमोनी ही दोन हमखास असतात. म्हणूनच फोटोसाठी वाट सोडून आत शिरू नका हो. फूल तुडवलं गेलं त्याचं एवढं नाही, पण पान चिरडलं की त्या वर्षीची कंदाची भरणी गेली आणि ती जागा पुढची कित्येक वर्षं विरळ राहते.

हरणांचाही यात हात आहे. इथं मुंटजॅक फिरतात, आपल्या भेकराचेच चिनी भाऊबंद, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशायरमधल्या वोबर्न इस्टेटवर आणलेले आणि तिथून पसरलेले. भुंकतातही भेकरासारखेच, सह्याद्रीत रात्री ऐकलं असेल त्यांना पटकन ओळखू येईल. ते खालची रोपं, फुलं खाऊन टाकतात, म्हणून वायटममध्ये हरणांची संख्या आटोक्यात ठेवावी लागते.

पक्ष्यांवर अजून एक प्रयोग झाला तोही सांगायलाच हवा. 2015 मध्ये ल्युसी ॲपलिन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की जंगलाच्या वेगवेगळ्या भागांतून दोन-दोन नर पकडून त्यांना खाण्याच्या पेटीचं दार सरकवायला शिकवलं, काही ठिकाणी डावीकडून आणि काही ठिकाणी उजवीकडून, मग परत सोडून दिलं. थोड्याच दिवसांत त्या भागातले सरासरी तीन चतुर्थांश पक्षी ते दार उघडायला शिकले, आणि दोन्ही बाजूंनी दार उघडत असूनसुद्धा जिथं जी बाजू आधी शिकवली तिथं तीच चालत राहिली, पुढच्या वर्षीसुद्धा. एवढ्याशा पक्ष्यात गावागावाची रीत असते हे वाचून मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते.

आता पुढचा प्रश्न झाडांचा आहे. 2021 च्या एका अभ्यासात साठ वर्षांच्या नोंदी पेटी-पेटीनुसार बघितल्या तेव्हा दिसलं की सगळ्या पेट्यांच्या तारखा सारख्याच लवकर झालेल्या नाहीत, जिच्या आसपासचे ओक धडधाकट तिथले पक्षी जास्त वेगाने लवकर झाले आणि आजारी ओकजवळचे मागे राहिले, म्हणजे सगळ्या जंगलाची सरासरी बघून जे कळत नाही ते पन्नास-पंचाहत्तर मीटरच्या टापूत ठरतं. आणि ओकपेक्षा मोठं संकट अॅशवर आलंय, ब्रिटनमध्ये 2012 मध्ये पहिल्यांदा सापडलेली एक बुरशी, जी फांद्या शेंड्याकडून वाळवत आणते. वायटममध्ये अॅश भरपूर, वर बघितलं की भर उन्हाळ्यात विरळ झालेले शेंडे दिसतातच. ती झाडं पडली की खाली उजेड वाढणार, ब्लूबेलना कदाचित बरं पण त्याच उजेडात काटेरी ब्रॅम्बलही फोफावतं आणि ते ब्लूबेलना दाबून टाकू शकतं. जंगलात 18 हेक्टरचा एक तुकडा आखून त्यातल्या प्रत्येक झाडाला नंबर दिलाय, बोटाएवढ्या जाडीच्या रोपापासून सगळ्यांना, आणि ठरावीक वर्षांनी त्यांचे घेर परत मोजतात. कुठलं अॅश कधी गेलं आणि त्याची जागा सिकॅमोरने घेतली की हेझलने, हे त्या नोंदींत झाडागणिक उतरत जाईल.