उंदीर वायर का कुरतडतो? दात झिजवायला नव्हे

पावसाळा लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो: नव्या गाड्यांच्या वायरींच्या आवरणात सोयाबीन असतं, म्हणून उंदीर त्या खातात. अमेरिकेत यावरून वाहन कंपन्यांवर खटलेही झाले. पण सोया वापरात येण्याच्या कितीतरी आधी या प्राण्यांनी टेलिफोनच्या शिशाचं आवरण असलेल्या केबलसुद्धा कुरतडल्या होत्या. शिशात खाण्यासारखं काय असतं?

मग दुसरं उत्तर येतं, शाळेपासून ऐकलेलं. उंदराचे दात सतत वाढतात, ते झिजवायला तो दिसेल ते कुरतडतो. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं तपासून पाहायला हवं.

उंदराचे पुढचे चार दात, म्हणजे पटाशीचे दात, वर्षाकाठी १० सेंटिमीटरहून अधिक वाढतात. त्यांची मुळं कधी बंद होत नाहीत. तिथल्या मूलपेशी जन्मभर नवं एनॅमल (दाताचं कठीण कवच) आणि डेंटिन (त्याच्या आतला थर) तयार करत राहतात. एनॅमल मात्र फक्त दाताच्या पुढच्या बाजूला असतं. त्यात लोह असल्यामुळे ते नारिंगी दिसतं आणि फार टणकही असतं. मागची बाजू मऊ डेंटिनची. खालच्या दाताचं टोक वरच्या दाताच्या मागून घासलं की डेंटिन आधी झिजतं आणि एनॅमलची कड धारदार उभी राहते. हे घासणं जमावं म्हणून उंदराचा खालचा जबडा पुढे सरकतो. तो पुढे असताना दाढा एकमेकींना टेकत नाहीत. मागे गेला की दाढा चावतात आणि पुढचे दात मोकळे राहतात. निवांत बसलेला उंदीरही दातावर दात घासत असतो. वायरीचं मऊ प्लास्टिक या लोहयुक्त एनॅमलला काय झिजवणार? झिजवतो तो समोरचा दात. म्हणूनच एखादा दात तुटला किंवा वाकडा आला तर त्याच्या समोरचा बेसुमार वाढतो आणि भोवती कुरतडायला कितीही टणक वस्तू असल्या तरी तो प्राणी उपाशी मरू शकतो.

आणखी एक गोष्ट. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. कुरतडताना ओठ-गालांच्या घड्या त्या जागेत शिरतात, त्यामुळे तुकडे तोंडाबाहेरच पडतात. म्हणजे कुरतडणं वेगळं, खाणं वेगळं.

मग वायरच का? कारण ती वाटेत असते. उंदीर मिशा टेकवत कडेकडेने धावतो, आणि गाडीतलं वायरिंगही कडेकडेनेच नेलेलं असतं. वाटेतला अडथळा तो दातांनी दूर करतो, अनोळखी वस्तू दातांनी तपासतो, बॉनेटखालच्या अस्तराचा कापूस घरट्यासाठी ओढतो. पावसात बिळात पाणी शिरलं की उंदरांना आणि घुशींना कोरडी, अंधारी, मांजर पोचणार नाही अशी जागा हवी असते. नुकतंच बंद केलेलं इंजिन वर ऊबही देतं.

तेव्हा उपाय चवीवर किंवा वासावर नव्हे, आसऱ्यावर करायला हवा. तंबाखूच्या पानाचा वास थोड्याच दिवसांत उडतो. डांबरगोळ्यांची वाफ एसीतून गाडीत येते, आणि जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. वायरीला गुंडाळायच्या मिरचीच्या टेपमागे निदान शास्त्र आहे: मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवतं ती सुमारे ४३ अंशांपुढची उष्णताही ओळखते. तिच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. पण टेप जिथे गुंडाळली तेवढीच वायर वाचते. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रांची जाहिरात तर सरळ दिशाभूल करणारी असते. हा आवाज हवेत लवकर विरतो, इंजिनाआड पोचत नाही आणि उंदरांना त्याची सवय होते. २००१ मध्येच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून अधिक कंपन्यांना पुराव्याविना दावे करू नका, अशी ताकीद दिली होती.

खरा उपयोग जाळीचा. लहान उंदीर साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतून शिरतो, म्हणून जाळीची भोकं त्याहून बारीक हवीत आणि जाळी स्टीलची हवी. एसीची हवा जिथून आत येते ते तोंड आधी झाका. गाडी रोज थोडी तरी हलवा. बंद गॅरेज असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवा, आडोसाच राहत नाही. पार्किंगजवळ कबुतरांना दाणे टाकणं बंद करा. घरटं सापडलं तर झाडू मारू नका. हातमोजे आणि मास्क घालून जंतुनाशकाने भिजवा, मग पुसून काढा. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्रातून पसरतो.