चढावर तापते की उभ्या उभ्या?

पंधरा-वीस वर्षं वापरलेली गाडी तापायला लागली की म्हापशात काय नि मडगावात काय, सल्ला बहुतेक एकच मिळतो: रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळंच बदलून टाका. पैसे जातात आणि साखळी-केरीवरून चोर्ला घाटाला लागलं की काटा पुन्हा लाल खुणेकडे सरकतो. पार्ट घेण्याआधी उष्णता नेमकी कुठे अडकते आहे हे शोधलं, तर यातला बराच खर्च वाचतो.

एक लिटर पेट्रोल जळतं तेव्हा साधारण 33 मेगाज्यूल उष्णता निघते. चाकांपर्यंत तिचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा पोचतो, जवळपास तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेला तिसरा हिस्सा इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. म्हणजे सुमारे 11 मेगाज्यूल. एवढ्या उष्णतेत आपल्या हवेतलं 35 लिटरच्या आसपास पाणी उकळीला येईल, आणि लहान गाडीत कूलंट असतं तीन-चार लिटर. ते सतत फिरत राहिलं आणि रेडिएटरमध्ये सतत निवत राहिलं तरच हिशेब जुळतो.

म्हणून आधी पाहायचं, गाडी तापते कधी. पर्वरीच्या रांगेत उभी असताना तापते आणि मोकळा रस्ता मिळाला की निवते, तर पाणी ठीक फिरतंय, हवा कमी पडतेय. फॅनची मोटर, रिले, तापमानाचा स्विच तपासा. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं श्राउड, म्हणजे हवेला पूर्ण जाळीतून ओढून घेणारं आवरण, जागेवर आहे का, तेही बघा. कुठल्याशा दुरुस्तीत काढलेलं श्राउड पुन्हा बसवलंच जात नाही, आणि मग फॅन फक्त पात्यांसमोरच्या गोलापुरती हवा ओढतो, रेडिएटरच्या जाळीच्या कोपऱ्यांना हवा मिळत नाही. उलट रांगेत गाडी ठीक आणि चोर्ला किंवा अनमोडचा चढ लागला की तापते, तर संशय रेडिएटर आणि पंपावर घ्यायचा. थंड गाडी सुरू करून दोन किलोमीटरच्या आत काटा वर गेला आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) मात्र अजून गारच असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे.

या थर्मोस्टॅटवर आपल्याकडे फार अन्याय होतो. ‘गोव्यासारख्या गरम हवेत त्याची गरजच नाही’ असं म्हणून तो काढून टाकतात. हे मला अजिबात पटत नाही. त्याच्या पोटात मेणाची एक डबी असते. ठरावीक तापमानाला मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप उघडते. तो काढला की इंजिन उशिरा गरम होतं, झीज वाढते, पेट्रोल जास्त लागतं आणि घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या असतील तर ऑइलमधली वाफ बाहेर पडत नाही. शिवाय काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला तर गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतो आणि चढावर गाडी जास्तच तापते.

नवा घेताना त्यावर कोरलेला आकडा बघा. 82 असेल तर तो 82 अंशांना उघडायला लागतो. पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. कमी आकड्याचा बसवून तापणं थांबत नाही, कारण एकदा पूर्ण उघडल्यावर दोन्ही सारखेच. बसवण्याआधी पातेल्यात पाणी गरम करून त्यात सोडा, स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरा आणि झडप उघडताना डोळ्यांनी पाहा. त्याच्या कडेला बारीक भोकात हलणारी एक पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी. हवा तिथूनच निघते.

सगळ्यात स्वस्त पार्ट म्हणजे रेडिएटरचं झाकण. कुकरच्या शिट्टीसारखं ते दाब राखतं. त्यावर 0.9 लिहिलेलं असेल तर 0.9 बार जादा दाबापर्यंत ते धरून ठेवतं, आणि त्या दाबाला साधं पाणीही 118 अंशांच्या पुढे उकळतं. रबर कडक झालं की दाब सुटतो आणि 100 अंशांनाच बुडबुडे येतात. गाडीला जो आकडा सांगितलाय तोच घ्या. जास्तीचा घेतला तर जुने होज आणि रेडिएटरचे सांधे फुटतात. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच आतलं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

रेडिएटर बदलण्याआधी धुऊन पाहा. दिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीच्या जाळीत तांबडी धूळ घट्ट बसते, विशेषतः एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत. इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. समुद्राकाठच्या गाड्यांत खारी हवा जाळीचे पत्रेच खाऊन टाकते. बोटाने दाबल्यावर भुगा होत असेल तर मात्र नवाच घ्या. आत विहिरीचं पाणी घालू नका. किनाऱ्याजवळ ते उन्हाळ्यात मचूळ होतं आणि त्यातलं मीठ अ‍ॅल्युमिनियम पोखरतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच वापरा. गोव्यात बर्फ पडत नसला तरी कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं लागतातच.

पंप घेताना जुना काढून शेजारी ठेवा. पात्यांची संख्या, खोली, शाफ्टची लांबी ताडून बघा. डुप्लिकेट पंपात पाती आखूड असली तरी तो बसतो, गळत नाही, आणि चढावर पाणी पुरत नाही. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप असेल तर बेल्ट त्याच वेळी बदला, कारण मजुरी तीच.

आणि सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात होज टणक होत असेल, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं आहे. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकपेक्षा अ‍ॅल्युमिनियमचं हेड जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे जास्त तापलं की ते वाकतं. नुसतं गॅसकेट बदलून भागत नाही; सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून हेड मोजून घ्या, आणि गरज असेल तर फेसिंग करा, म्हणजे पृष्ठभाग मशिनवर सपाट करून घ्या. पत्र्याच्या थरांचं गॅसकेट गुळगुळीत पृष्ठभागावरच नीट बसतं. जुन्या, ओरखडलेल्या ब्लॉकवर मूळ जातीचं कॉम्पोझिट बरं. काम झाल्यावर हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि हवा निघू द्या. मग झाकण लावा, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गार असताना पातळी पुन्हा पाहा. ती थोडी उतरलेली असेलच, तेवढं कूलंट भरा.