सोलापूरहून ऑफ-रोड गाडीवर रेडिओची अँटेना बसवताना : परवाना, पात्रता, कागदपत्रे आणि प्रत्यक्ष जोडणी

उजनीच्या फुगवट्याच्या काठाने किंवा बार्शीच्या पुढे बालाघाटाच्या रांगेत चार-पाच गाड्या एकत्र घेऊन जाणाऱ्यांना मोबाईलची रेंज गेली की पुढच्या गाडीशी बोलण्यासाठी रेडिओची गरज भासते. मग गॅरेजमध्ये पहिला प्रश्न विचारला जातो तो अँटेना बॉनेटवर लावायची की टपावर, हा. वास्तविक हा प्रश्न शेवटचा आहे. आपल्याकडे कोणता परवाना आहे यावर कोणत्या वारंवारितेवर बोलता येईल हे ठरते, वारंवारितेवरून अँटेनाची लांबी ठरते आणि लांबीवरून तिची जागा. म्हणून येथे कागदपत्रांचा भाग आधी आणि पान्या-पक्कडीचा भाग नंतर घेतला आहे.

परवान्याशिवाय काय चालते

परवान्यातून सूट मिळालेले, आपल्या कामाचे असे दोन पट्टे आहेत. पहिला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा. २०१८ च्या नियमांनुसार केवळ याच पट्ट्यात चालणाऱ्या कमी शक्तीच्या वॉकी-टॉकीला परवाना लागत नाही, मात्र त्या संचाला उपकरण प्रकार मान्यता, म्हणजे त्या नमुन्याला सरकारी मंजुरी, असणे बंधनकारक आहे. दुसरा २७ मेगाहर्ट्झजवळचा, म्हणजे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा नागरी पट्टा. येथे कमाल ५ वॅट प्रारित, म्हणजे अँटेनातून बाहेर पडणाऱ्या, शक्तीची मुभा आहे, पण ती अंगचीच अँटेना असलेल्या संचासाठी आहे. नेमकी गोम येथेच आहे. सूट ही कमी शक्तीच्या संचाला, तो जसा आहे तसा वापरण्यासाठी दिलेली असते. त्याला बाहेरून लांब अँटेना जोडून पल्ला वाढवला की प्रारित शक्ती वाढते आणि सवलतीचा आधार सुटतो. तेव्हा गाडीवर वेगळी अँटेना बसवायची असेल, तर परवान्याचा रस्ता धरावा लागतो, असेच समजून चालावे.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त हँडसेटविषयी येथेच सांगितलेले बरे. यांतील बरेच संच कोणत्याही वारंवारितेवर लावता येतात आणि विक्रेता परवान्याचा उल्लेखही करत नाही. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स संकेतस्थळांवरील वॉकी-टॉकी विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती याच कारणाने. संच सहज विकत मिळाला म्हणजे तो वापरण्याचा अधिकार मिळाला असे होत नाही. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला असून त्यातील तरतुदी २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागल्या आहेत. त्यातही अनधिकृत रेडिओ उपकरण बाळगणे दंडनीयच आहे.

हौशी परवाना : पात्रता आणि परीक्षा

छंद म्हणून ऑफ-रोड जाणाऱ्यासाठी सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे हॅम, अर्थात हौशी बिनतारी परवाना. तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन) ही शाखा देते. अर्जदार भारतीय नागरिक असावा आणि त्याच्या वयाची १२ वर्षे पूर्ण झालेली असावीत. शिक्षणाची पदवी लागत नाही, पण परीक्षा द्यावी लागते आणि ती बाजूला ठेवून परवाना मिळत नाही. गाडी, संच आणि अँटेना असे सगळे तयार ठेवून मग परीक्षेची चौकशी करणारे अनेक जण भेटतात. त्यांचे पैसे काही महिने डिकीत पडून राहतात.

प्रमाणपत्राच्या दोन श्रेणी आहेत. मर्यादित श्रेणीसाठी फक्त लेखी परीक्षा असते, तर सर्वसाधारण श्रेणीसाठी त्याबरोबर मोर्स संकेत मिनिटाला ८ शब्द या वेगाने पाठवता आणि टिपता यावे लागतात. लेखी परीक्षेत एक भाग रेडिओच्या तत्त्वांचा आणि दुसरा नियमांचा असतो. ओहमच्या नियमापासून अँटेनाच्या लांबीपर्यंत आणि क्यू-संकेतांपासून (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संक्षेप) ध्वन्याक्षरांपर्यंत (अल्फा, ब्राव्हो अशी अक्षरांची नावे) सगळे विचारले जाते. गाडी-गाडीत बोलण्यापुरता उपयोग असेल तर मर्यादित श्रेणी पुरते. परवाना मिळाल्यावर जे हाकचिन्ह (कॉल साइन, म्हणजे रेडिओवर आपली ओळख सांगणारा संकेत) मिळते ते मर्यादित श्रेणीत व्हीयू-३ ने आणि सर्वसाधारण श्रेणीत व्हीयू-२ ने सुरू होते.

अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ या संकेतस्थळावर करावयाचा असतो. येथे अनेकांचा गोंधळ होतो तो असा, की अर्ज एक नसून दोन आहेत. पहिला परीक्षेसाठी. त्यात उत्तीर्ण झाल्यावर संच चालवणाऱ्याचे (ऑपरेटरचे) प्रमाणपत्र मिळते, परंतु ते हाती आले म्हणून लगेच माईकचे बटण दाबता येत नाही. त्या प्रमाणपत्राच्या आधारे बिनतारी केंद्राच्या, म्हणजे आपल्या रेडिओ स्टेशनच्या, परवान्यासाठी दुसरा अर्ज करावा लागतो, आणि हाकचिन्ह मिळते ते या दुसऱ्या टप्प्यात. सोलापूरच्या उमेदवाराला परीक्षेसाठी मुंबईचे केंद्र निवडता येते. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघून सकाळी मुंबईत उतरणे हा आपला जुना शिरस्ता येथेही कामी येतो, मात्र गाडीला उशीर होण्याची शक्यता धरून आदल्या दिवशीच पोहोचलेले बरे.

कागदपत्रे

कागदपत्रांमध्ये अवघड काही नाही, फक्त ती एकमेकांशी जुळली पाहिजेत. अलीकडचे छायाचित्र, स्वाक्षरीची स्कॅन केलेली प्रत, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा एवढे तयार ठेवावे. पासपोर्ट असल्यास नागरिकत्व, जन्मतारीख आणि ओळख या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर सिद्ध होतात. आधारवर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून असते, दाखल्यावर आडनाव आधी असते आणि तिसऱ्या कागदावर मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर असते, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो. माझा पहिला अर्ज एवढ्याच कारणाने परत आला होता आणि तो दुरुस्त करण्यात परीक्षेची एक तारीख गेली. परवान्याच्या अर्जासोबत उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. शुल्क ऑनलाइन भरता येते. पैसे भरल्याची पावती आणि अर्ज क्रमांक यांची प्रत छापून ठेवावी.

परवान्याच्या अर्जात केंद्राचा पत्ता द्यावा लागतो, आणि तो बहुतेक जण घराचा देतात. गाडीवरून प्रक्षेपण ही घरच्या स्थिर केंद्रापेक्षा वेगळी बाब असल्यामुळे गाडीत संच बसवण्याचा विचार असेल तर फिरत्या केंद्राविषयीच्या अटी अर्ज भरतानाच वाचून घ्याव्यात, आणि परवाना हाती आल्यावर त्यावर छापलेले पट्टे व शक्तीची मर्यादा पाहून संच तेवढ्यावरच लावावा. दुकानातला संच ५० वॅटचा आहे म्हणून ५० वॅटने बोलण्याचा अधिकार मिळत नाही.

हौशी परवान्यावर व्यवसाय करता येत नाही. पर्यटकांकडून पैसे घेऊन जीप सफारी चालवणाऱ्याने किंवा साखर कारखान्याच्या ऊस वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्याने हॅम पट्ट्यावर बोलणे नियमबाह्य आहे; त्यांच्यासाठी स्वतःच्या वापराच्या बिनतारी जाळ्याचा वेगळा परवाना असतो आणि त्याला वारंवारितेचे शुल्कही वेगळे भरावे लागते. शिवाय परवानाधारकाच्या गाडीत हॅम संच आहे म्हणून शेजारच्या विनापरवाना गाडीतील मित्राने त्याच पट्ट्यावर उत्तर देणे चालत नाही. ताफ्यात प्रत्येक गाडीत एक तरी परवानाधारक असावा लागतो.

आरटीओ, विमा आणि वन विभाग

अँटेना बसवण्यासाठी आरटीओकडे वेगळा अर्ज करावा लागत नाही. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी पुस्तकातील नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. अँटेना स्वतः त्यात येत नसली तरी ती ज्याला टांगायची ते अनेकदा येते. परदेशी चित्रफितींमध्ये अँटेना पुढच्या जाडजूड बुल-बारवर लावलेली दिसते. असे बुल-बार बसवण्याविरुद्ध कारवाई करण्याचे आदेश केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना दिले आहेत, त्यामुळे ती जागा आपल्या यादीतून काढून टाकावी. विमा कंपनीला संच आणि अँटेनाची किंमत कळवून विद्युत उपकरणांच्या जोडपत्रात नोंद करून घ्यावी. बिल नसेल तर चोरीनंतर दाव्याला आधार राहत नाही.

नान्नजचा गवताळ माळ पाहिला की कोणाच्याही मनात गाडी आत घालावी असे येते. ते माळढोकाचे अभयारण्य आहे. तेथे प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते आणि रस्ता सोडून गाडी नेणे तर सर्वस्वी वर्ज्य आहे. रेडिओचा परवाना खिशात असल्याने त्यात काही फरक पडत नाही.

अँटेनाची निवड

हौशी परवान्यावर भारतात गाडीसाठी सोयीचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. येथे पाव तरंगलांबीची अँटेना सुमारे अर्धा मीटर भरते. ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झला तीच सुमारे १७ सेंटीमीटर होते, आणि २७ मेगाहर्ट्झला मात्र पावणेतीन मीटर. नागरी पट्ट्याची पूर्ण लांबीची अँटेना जीपवर का शोभत नाही, हे या आकड्यांवरूनच उमगते.

दुकानदार लांब आणि जास्त ‘गेन’ची अँटेना पुढे करतो. गेन म्हणजे जादा शक्ती नव्हे. वर-खाली जाणारी ऊर्जा दाबून क्षितिजाकडे वळवलेली असते, एवढेच. मंगळवेढ्याच्या सपाट काळ्या रानात तिचा लाभ होतो. पण गाडी ओढ्यात उतरताना किंवा चढावर तिरकी झाली की तो चपटा झोत एका बाजूला जमिनीत आणि दुसऱ्या बाजूला आभाळात जातो. चढउतारांच्या वाटांसाठी माझे मत साध्या अर्ध्या मीटरच्या अँटेनाकडे झुकते. ती स्वस्त असते, वाकते, आणि बाभळीच्या फांदीचा फटका बसला तरी बुडाशी स्प्रिंग असल्यास परत उभी राहते.

जागा आणि जोडणी

पाव तरंगलांबीच्या अँटेनाचा अर्धा भाग म्हणजे तिच्याखालचा पत्रा होय. म्हणून टपाचा मध्य ही सर्वोत्तम जागा. तेथून चारही दिशांना सारखे ऐकू येते. टपाला भोक पाडून पक्का तळ बसवणे सर्वांत टिकाऊ, पण वॉशर नीट बसला नाही तर पहिल्याच पावसात आतले अस्तर भिजते. चुंबकी तळ सोपा असतो, मात्र फायबरच्या किंवा कॅनव्हासच्या छताला तो चिकटतच नाही, आणि पत्र्यावरही फांदीपुढे तो टिकत नाही. माझा असा एक तळ वैरागच्या रस्त्यावर मागच्या गाडीच्या बॉनेटवर जाऊन पडला होता. कापडी छताच्या गाडीत बॉनेटच्या बिजागरीजवळचा कोनी ब्रॅकेट हा मधला मार्ग आहे. त्याखालचा रंग खरवडून पत्र्याशी धातूचा संपर्क करून घ्यावा आणि उघड्या पत्र्याला गंजरोधक लावावे. जेथे धातूचा पत्राच नाही तेथे अर्ध्या तरंगलांबीची अँटेना घ्यावी, तिला खालच्या पत्र्याची तितकी गरज नसते.

संचाची वीज सिगारेट लायटरच्या खाचेतून घेऊ नये. ५० वॅटचा संच बोलताना दहा अँपिअरहून अधिक प्रवाह खेचतो, तेव्हा जाड वायर थेट बॅटरीवरून आणावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून कोएक्स केबल (संच आणि अँटेना जोडणारी केबल) नेताना पडदा-एअरबॅगच्या आड ती येणार नाही याची खात्री करावी. केबल लागेल तेवढीच ठेवावी. बारीक जातीच्या पाच मीटर केबलमध्ये या पट्ट्यावर शक्तीचा सुमारे पाचवा हिस्सा वाया जातो.

शेवटी एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली शक्ती कितपत परत फिरते हे दाखवणारे मीटर, लावून तपासणी करावी. ही तपासणी घराच्या पार्किंगमध्ये न करता होम मैदानासारख्या मोकळ्या जागेत, दारे व बॉनेट बंद करून, कमी शक्तीवर आणि अँटेनाजवळ कोणी उभे नसताना करावी. वाचन दीडच्या आत आले तर उत्तम. दोनच्या वर गेले तर जास्त शक्तीवर बोलू नये, आधी तळाचा संपर्क आणि मग अँटेनाची लांबी पाहावी. कांडी कापताना एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच कापावे. परवान्याची आणि संचाच्या बिलाची प्रत आरसी पुस्तकासोबत डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावी, आणि संभाषणांची नोंद ठेवायचे लॉगबुक पेनासह त्याच्याच शेजारी.