गाईचं खत होतं, मग माणसाचं?

मेलेली गाय लाकडाच्या चिपांच्या ढिगात झाकून ठेवली, की काही महिन्यांत तिचं खत होतं. अमेरिकेतले पशुपालक हे बरीच वर्षं करत आले आहेत. वास्तुकला शिकणाऱ्या कॅट्रिना स्पेडला हे कळलं आणि तिच्या डोक्यात आलं, मग माणसाचं का नको? 2018 मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सहा दान केलेल्या देहांवर प्रयोग झाला. 2019 मध्ये वॉशिंग्टन राज्याने या पद्धतीला कायद्याने मान्यता दिली.

ऐकून अंगावर काटा येतो खरा. 'कुजणं' म्हटलं की आपल्याला दुर्गंधी आठवते. पण ती दुर्गंधी मुख्यतः हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंची करामत. खोल पुरलेल्या देहाला हवा मिळत नाही, म्हणून तिथे सगळं संथ चालतं. इथे बंद पेटीत देहाच्या खाली-वर लाकडाच्या चिपा, पेंढा आणि लसूणघास पसरतात आणि हवा खेळती ठेवतात. देहात नायट्रोजन भरपूर, लाकडात कार्बन. दोन्हींचा मेळ नीट बसला की हवेवर जगणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि त्यांच्याच उष्णतेने पेटी तापते. बाहेरून शेगडी लावावी लागत नाही! तापमान सलग 72 तास 55 अंश सेल्सिअसच्या वर राहिलं, की बहुतेक रोगजंतू मरतात.

पाच ते सात आठवड्यांनी माती पेटीबाहेर येते. हाडांचं काय? ती ठिसूळ होतात, पण पुरती विरघळत नाहीत. यंत्रात बारीक करून पुन्हा मिसळतात. (दाहिनीतून मिळणारी 'राख'देखील बहुतांशी दळलेली हाडंच असते.) धातूचे कृत्रिम सांधे वेचून काढतात. मग माती आणखी काही आठवडे मुरू देतात. शेवटी ती जवळपास पाऊण घनमीटर भरते. एवढी माती घरी न्यायची कुठे? काही नातेवाईक थोडीशीच नेतात, उरलेली जंगलासाठी देतात.

गॅसच्या दाहिनीत 800 अंशांच्या आसपास उष्णता लागते, शिवाय दातांत भरलेल्या मिश्रधातूतला पारा धुरात जातो. ते दोन्ही इथे टळतं. मात्र कार्बनच्या बचतीचे आकडे बहुधा ही सेवा देणाऱ्या कंपन्यांकडूनच येतात, त्यामुळे मी ते जपूनच घेतो. चिपांची वाहतूक आणि हवा खेळवणारे पंखेही ऊर्जा खातातच.

एक अपवाद मात्र पक्का आहे. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या आजाराने गेलेल्यांचे देह घेत नाहीत. तो आजार घडवणारी बिघडलेली प्रथिनं, म्हणजे प्रिऑन, 55 अंशांना दाद देत नाहीत.