जुने कायदेग्रंथ : स्थितिपरीक्षण व मूल्यनिर्धारण

जुन्या कायदेग्रंथाची प्रत कोणत्या काळातील, कितपत पूर्ण व कोणत्या अवस्थेत आहे हे तपासून तिची किंमत ठरविण्याची पद्धती. कोल्हापुरातील जुन्या संग्रहांत मुख्यतः तीन प्रकार आढळतात : मुंबई इलाख्यातील इंग्रजी टीकाग्रंथ व निवाडेसंग्रह, धर्मशास्त्राच्या शिळाछापी (दगडी ठशावरून छापलेल्या) पोथ्या आणि करवीर (कोल्हापूर) संस्थानचे कायदे व गॅझेट.

कालनिश्चिती : शीर्षकपान गहाळ असल्यास मजकुरात आलेला सर्वांत अलीकडचा अधिनियम किंवा निवाडा पाहावा, ग्रंथ त्यापूर्वीचा असू शकत नाही. शक दिला असल्यास त्यात 78 मिळवावेत, जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या काळासाठी 79. शके 1785 म्हणजे 1863–64. 1867 च्या मुद्रणविषयक अधिनियमाने मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ छापणे सक्तीचे केले. त्यामुळे मुद्रकाचे नाव नसलेली प्रत त्यापूर्वीची मानण्याकडे कल असतो. हा अधिनियम ब्रिटिश मुलखापुरता होता. संस्थानी छपाईला हा निकष लावू नये.

बांधणी : इंग्रजी कायदेग्रंथ बहुधा फिकट मेंढीच्या कातड्यात बांधलेले असत. त्याची विटकरी भुकटी होऊन ती बोटांना लागते, यास ‘लाल कूज’ म्हणतात. तिच्या कारणांविषयी मतभेद आहेत. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सच्या समितीने 1905 च्या अहवालात कमावणीची द्रव्ये आणि गॅसदिव्यांचा धूर या दोहोंवर बोट ठेवले. कमावताना कातड्यात राहिलेले आम्लच पुरेसे आहे असेही एक मत आहे. मात्र अशा ग्रंथाचा पुठ्ठा उघडून पाहिल्यास उजेडाकडे व हवेकडे असलेल्या कण्याचे पीठ झालेले, आणि पुठ्ठ्याच्या आत दुमडलेली त्याच कातड्याची पट्टी पुष्कळदा शाबूत असते. त्यावरून हवेतील गंधकाच्या वायूंचा वाटा मोठा मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कमावणीचा भाग तरीही उरतोच. कोल्हापुरी चपलांच्या कातड्यासाठी बाभळीची साल व हिरडा दोन्ही वापरतात; त्यांपैकी बाभळीच्या जातीची टॅनिने (कातडे कमावणारी द्रव्ये) आम्लापुढे लवकर हार खातात, हिरड्याच्या जातीची अधिक तग धरतात. अशा कण्याला तेल वा बुटाचे पॉलिश लावल्यास तो काळवंडतो, कडक होतो आणि किंमत घटते. मद्यार्कात विरघळविलेले हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज पातळ थरात देणे हा मान्य उपाय होय.

कागद व जुळणी : प्रत्येक फर्म्याच्या (एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या जुडीच्या) पहिल्या पानाच्या तळाशी असलेली खूण क्रमाने तपासावी. पृष्ठांक सलग असले तरी ते क्रमांकनाबाहेरील शुद्धिपत्र, घडीचा वंशावळी-तक्ता किंवा निवाड्यांची सूची गळाल्याचे सांगत नाहीत. लाकडाच्या लगद्याचा कागद कडेकडून आत तपकिरी होत जातो. त्याचा कोपरा दुमडून ठिसूळपणा पाहण्याची चाचणी मौल्यवान प्रतीवर करू नये, कारण तुकडा हातात येतो. पंचगंगेच्या 2005, 2019 व 2021 च्या महापुरांमुळे येथील प्रतीत पाणरेषा व शिवणीच्या खोबणीतला बारीक गाळ आवर्जून शोधावा. गुळगुळीत कागदाची पाने ओली असताना चिकटली असतील, तर सोडविताना शाई उचटते. कसर, वाळवी, बुरशी व तारेच्या टाक्यांचा गंज यांची वेगळी नोंद करावी. त्यांत जिवंत बुरशी सर्वांत गंभीर, कारण ती शेजारच्या ग्रंथांनाही लागते.

मूल्य : पहिल्या आवृत्तीला संग्राहक व शेवटच्या आवृत्तीला वकील गिऱ्हाईक असतो, मधल्या आवृत्त्या सहसा पडून राहतात. मात्र 1956 च्या हिंदू वारसा अधिनियमापूर्वी उघडलेल्या (म्हणजे मालकाचा मृत्यू त्याआधी झालेल्या) वारसाहक्काच्या वादात जुना हिंदू कायदाच लागू होत असल्याने त्या काळच्या टीकाग्रंथांना कामाचे मूल्यही उरते. निवाडेसंग्रहाचा सुटा खंड स्वस्त असतो. याउलट करवीर सरकारच्या गॅझेटचा सुटा अंकही मोलाचा ठरू शकतो, उदाहरणार्थ मागासवर्गीयांसाठी 50 टक्के नोकऱ्या राखून ठेवणारा 26 जुलै 1902 चा शाहू छत्रपतींचा हुकूम असलेला अंक. मालकाची सही व समासातील टिपणे ओळखीच्या वकिलाची किंवा न्यायाधीशाची असतील तर मूल्य वाढते, ग्रंथालयाचा रद्दबातल शिक्का ते उतरवतो. किमतीची तुलना त्याच आवृत्तीच्या पूर्ण प्रतीशी आणि प्रत्यक्ष विक्रीच्या भावाशी करावी, मागितलेल्या भावाशी नव्हे.

1972 च्या पुरावस्तू अधिनियमानुसार 75 वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा वाङ्‌मयीन मोलाची हस्तलिखिते व दस्तऐवज खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाहीत. म्हणून हस्तलिखित पोथी किंवा दप्तराच्या बाबतीत परदेशी लिलावातील आकडे येथे आधारास घेऊ नयेत.